रिमोट थर्मामीटर घेताना आधी सुई पाहा, ॲप नंतर

नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या बाजूला होमस्टे चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. त्यांच्याकडे झाकणाची गॅस ग्रिल आहे आणि स्वयंपाकघरात मोठा ओटीजी (विजेचा ओव्हन). शनिवार-रविवारी पाहुण्यांना अख्खी कोंबडी आणि बोकडाची रान, म्हणजे अख्खी मांडी, भाजून देतात. ग्रिल मागच्या अंगणात, पाहुणे पुढच्या पडवीत, मध्ये विटांच्या दोन भिंती, अंतर साठेक फूट. मांसात सुई टोचून आतलं तापमान फोनवर दाखवणारा ब्लूटूथ थर्मामीटर त्यांनी ऑनलाइन मागवला, पण त्याचं कनेक्शन सारखं तुटतं, आणि उकळत्या पाण्यात तो 98 दाखवतो म्हणून त्यावरचा विश्वासही उडालाय. आठ-दहा हजारांत भरवशाचा रिमोट थर्मामीटर कोणता, सुया दोन हव्यात की चार, हा त्यांचा प्रश्न. जाता जाता आणखी एक विचारलंय, ते शेवटी घेतो.

ताई, मी एकवीस वर्षं सातपूर एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांवर इन्स्ट्रुमेंटेशनचं काम केलं. थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा) बदलायचे, मीटर कॅलिब्रेट करायचे, हेच. गेली नऊ वर्षं गंगापूर रोडच्या फार्महाउसांवर लोकांच्या पार्ट्यांच्या शेगड्या सांभाळतो. भट्टी काय नि ग्रिल काय, दोन्हीकडे एकच शिकलो: काट्यावरचा आकडा खरा आहे असं धरून चालायचं नाही, तो खरा आहे का हे कसं तपासायचं ते माहीत पाहिजे.

आधी तुमच्या 98 चं बघू. तुमचा थर्मामीटर बहुतेक ठणठणीत आहे. पाणी 100 अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. नाशिक समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे-सहाशे मीटरवर आहे, आणि दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. म्हणजे आपल्याकडे उकळत्या पाण्यात 98 हाच बरोबर आकडा. मुंबईच्या पाहुण्याने आणलेला थर्मामीटर इथे 100 दाखवत असेल तर तोच दोन अंश चुकतोय. चांगली वस्तू 'खराब आहे' म्हणून परत पाठवणारे मी तीन-चार जण तरी पाहिलेत.

त्यापेक्षा बर्फाची चाचणी बरी, तिला गावाची उंची लागत नाही. स्टीलच्या मोठ्या पेल्यात बर्फाचा चुरा काठोकाठ भरा, फटी भरतील एवढंच पाणी ओता, दोन-तीन मिनिटं ढवळा. सुईचं टोक मधोमध धरा, बुडाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आकडा 0 च्या एक अंश इकडे-तिकडे आला तर पास. पाण्यात बर्फाचे चार खडे तरंगवून चाचणी केली तर 3-4 अंश दिसतात आणि उगाच यंत्राला शिव्या बसतात. नवी सुई घरी आली की ही चाचणी, आणि मोठी ऑर्डर असली की आदल्या दिवशी पुन्हा. स्क्रीनवर दशांश चिन्ह दिसतं म्हणून यंत्र अचूक ठरत नाही, हेही सांगून ठेवतो. 74.3 दाखवणारा थर्मामीटर चार अंशांनी चुकीचा असू शकतो, आणि दशांशामुळे तो जास्त खरा वाटतो एवढंच.

आता गंमत पाहा. तुम्ही रेंज विचारताय, पण माझी एकदा लाज गेली असती ती रेंजमुळे नाही. तीनेक वर्षांपूर्वी, डिसेंबरातली रात्र, धरणाच्या बॅकवॉटरला पार्टी. झाकणाखाली चार कोंबड्या, चारही सुया लावलेल्या. त्यातल्या एका सुईचा आकडा बाकीच्या तिघींना मागे टाकून भराभर वर निघाला. 68, 71, 75, आणि बझर. पोराने ती कोंबडी उचलून पाटावर घेतली. मी तंगडी धरून हलवली, तर सांधा ताठ. शिजलेल्या कोंबडीची तंगडी हातात सैल येते. सुरीचं टोक घातलं, रस गुलाबी. खिशातून हातात धरायचा थर्मामीटर काढून टोचला तर 58. आदल्या आठवड्यात त्याच पोराने सगळ्या सुया वायरसकट बादलीत बुडवून घासणीने लख्ख घासल्या होत्या. मनापासून काम केलं होतं बिचाऱ्याने.

झालं काय, ते समजून घ्या, कारण खरेदीचा निम्मा निर्णय यावर आहे. वायरच्या बहुतेक सुयांच्या टोकात थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, यंत्र तो रोध मोजून अंश सांगतं. सुईचा दांडा आणि वायर जिथे दाबून जोडलेली असते त्या सांध्यातून पाणी आत शिरलं, की वीज त्या ओलाव्यातूनही वाट काढते. एकूण रोध घटतो, आणि यंत्राला वाटतं मांस तापलं. म्हणजे ओली झालेली सुई बंद पडत नाही, ती आकडा वाढवून सांगते, आणि आपण कच्ची कोंबडी पानात वाढतो. बंद पडली असती तर परवडलं असतं. थर्मोकपलचं वेगळं. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात, स्वयंपाकात बहुधा के टाइप, म्हणजे निकेल-क्रोमियम आणि निकेल-ॲल्युमिनियम. ती तार तुटली की यंत्र आकड्याऐवजी नुसत्या रेघा दाखवतं, आपल्याला कळतं. थर्मोकपलचे संच महाग पडतात आणि घरगुती वापराला थर्मिस्टर पुरतो, मला थर्मिस्टरबद्दल तक्रार नाही. फक्त तो कसा बिघडतो ते माहीत असावं.

म्हणून सुई घेताना आधी तो सांधा बघा. गुळगुळीत, पक्का, शक्यतो सिलिकॉनने बंद केलेला. वायरवर स्टीलच्या जाळीचं वेष्टन हवं. कंपनी 'वॉटरप्रूफ' म्हणते तेव्हा यंत्राला म्हणते की सुईला, तेही विचारा. आयपी 67 (आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) असेल तर ती वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, आयपी 65 म्हणजे पाण्याचा फवारा चालतो पण बुडवणं नाही. पुष्कळदा हा आकडा स्क्रीनच्या डबीचा असतो, सुईला लागू नसतो. वॉटरप्रूफ असो नसो, धुताना फक्त दांडा ओल्या फडक्याने साबण लावून पुसा, मग स्वच्छ फडक्याने, आणि सांधा वरच्या बाजूला ठेवा. कच्च्या मांसातून काढलेली सुई शिजलेल्यात घालायची असेल तर मध्ये स्पिरिटच्या बोळ्याने पुसणं आलंच. चुकून भिजलीच, तर ओटीजीत 100-110 वर तासभर वाळवून बर्फाची चाचणी करा. कधी कधी परत जीव धरते. नाही धरला तर फेकून द्या, 'अंदाजाने वापरू' म्हणून ठेवू नका.

आणि म्हणूनच माझी पहिली अट: त्या संचाची सुटी सुई आपल्याकडे विकत मिळते का? सुई ही वर्ष-दीड वर्षात जाणारी वस्तू आहे, झाकणाच्या कडेखाली वायर चेमटतेच. सुटी सुई मिळत नसेल तर दहा हजारांचं यंत्र एका वायरपायी कपाटात जाऊन बसतं. माझ्या माळ्यावर अशी दोन आहेत.

आता रेंज. डब्यावर तीनशे-पाचशे फूट छापलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं, मध्ये काही नसताना. ब्लूटूथ चालतं 2.4 गिगाहर्ट्झवर, आणि या लहरींना धातू अडवतो, पाणी शोषतं. तुमच्याकडे काय आहे? स्टीलचं झाकण, आत मांस, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच, मग विटांच्या दोन भिंती, आणि पडवीत बसलेली पंचवीस माणसं, तीही पाण्याचीच. साठ फुटांवर तुटणार नाही तर काय. फोन मागच्या खिशातून पुढच्या खिशात टाकला तरी फरक पडतो, करून बघा.

यावर तीन उत्तरं आहेत. एक, वायफायचा थर्मामीटर. घरात पक्कं वायफाय असेल तर छान, पण मागच्या अंगणात सिग्नल येतो का ते फोनने आधी तपासा. बरेच थर्मामीटर 2.4 चंच वायफाय धरतात, 5 गिगाहर्ट्झचं नाही, हेही लक्षात असू द्या. गिरणाऱ्याकडे लाईट गेली की राउटर गेला, हे तुम्हाला मी सांगायला नको. काही ॲप तर इंटरनेट नसलं की लॉगिनवरच अडून बसतात. दोन, बिनतारी सुई आणि तिच्या चार्जिंगच्या डबीतच बसवलेला रिपीटर. सुई डबीपर्यंत बोलते, डबी पुढे फोनपर्यंत. डबी ग्रिलपासून तीन-चार फुटांवर ठेवली तर हे बऱ्यापैकी चालतं. तीन, जुन्या वळणाचा रेडिओ संच: ग्रिलपाशी एक डबी, आपल्या हातात दुसरी, तिला स्वतःचा स्क्रीन, स्वतःचा बझर, पेन्सिल सेल. फोन नाही, ॲप नाही.

मी तिसरा वापरतो आणि तुम्हालाही तोच सुचवेन. यातले बरेच संच कमी कंपनसंख्येच्या लहरींवर चालतात, आणि त्या भिंतीतून बऱ्या जातात, हे एक. दुसरं, फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागे चालणारं ॲप बंद करतो आणि अलार्म वाजतच नाही. हे माझ्याशी दोनदा झालंय, एकदा मी निवांत चहा पीत असताना. तिसरं, ती डबी कुणाच्याही हातात देता येते. वाढणाऱ्या मावशींना सांगितलं, 'ही वाजली की हाक मारा', संपलं. फक्त एक सोय आहे का ते तपासून घ्या, सिग्नल तुटला की डबी ओरडली पाहिजे. काही संच सिग्नल गेला तरी शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतात. 61 बघून आपण निर्धास्त, आणि तिकडे 85 झालेलं असतं.

परदेशातून कुणाकडून मागवणार असाल तर सावध. अमेरिकेतले काही रेडिओ संच 915 मेगाहर्ट्झवर चालतात. तिथे 902 ते 928 हा पट्टा अशा उपकरणांना मोकळा आहे, आपल्याकडे त्यातला काही भाग मोबाइल सेवेला दिलेला आहे. भारतात विनापरवाना चालतात ते 433 आणि 865-868 मेगाहर्ट्झ, शिवाय 2.4 गिगाहर्ट्झ. भाच्याने बॅगेतून आणला तरी तो 915 चा नको. 433 चा किंवा युरोपसाठी बनवलेला 868 चा दिसला, तर 433 चा घ्या, 868 आपल्या पट्ट्याच्या अगदी काठावर येतो.

बिनतारी सुया दिसायला देखण्या असतात, झाकणात वायर अडकत नाही, फिरत्या सळईवर तर दुसरा इलाजच नाही. पण बॅटरी आणि सगळं इलेक्ट्रॉनिक्स त्या दांड्याच्या मांसात जाणाऱ्या भागात असतं, आणि भोवतालचं मांस हेच त्याचं थंड राहण्याचं साधन. आतल्या भागाची मर्यादा बहुतेकांची 100 अंशांच्या आसपास असते. म्हणून दांड्यावरच्या खुणेपर्यंत सुई आत गेलीच पाहिजे. रानेत जाते, कोंबडीच्या छातीत आडवी घातली तर जाते, टिक्क्यात नाही जात. तंदुरात तर कुठलीच सुई ठेवून द्यायची नाही, तिथे 400 च्या वर तापमान असतं आणि वायरच्या सुयाही साधारण 300 पर्यंतच्याच असतात. तंदुरी बाहेर काढायची, हातातला थर्मामीटर टोचायचा, कमी असेल तर परत आत.

द्राक्षाच्या काड्यांवर भाजत असाल तर तिथेही वायर जपा. आमच्याकडे छाटणीनंतर काड्या ढिगाने मिळतात, दिंडोरी-निफाडच्या बागेतून कुणी ना कुणी ट्रॅक्टरभर टाकून जातं. (वर्षभर जुन्या, पावसात धुतलेल्या घ्या, ताज्या छाटलेल्यांवर फवारणी असते.) काड्या झपकन पेटतात आणि जाळ वर चाटतो, वायर थेट जाळात आली की वेष्टनाच्या आतलं इन्सुलेशन जळतं. निखारे होऊ द्या, मग सुई. जुन्या वेलीचं खोड मिळालं तर त्याच्यासारखा निखारा नाही.

तर मग कोणत्या आकड्याला काढायचं? संचासोबत येणारा तक्ता गोऱ्या लोकांच्या स्टेकसाठी असतो, तो आपल्या रानेला लावू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याचे सुरक्षिततेचे आकडे असे आहेत: कोंबडी 74, खिमा 71, बोकड-मेंढीचे अख्खे तुकडे 63 आणि वर तीन मिनिटं विसावा. 63 ला बोकडाची रान सुरक्षित असते, पण चावून दाखवा! आपला बोकड चिवट, त्यातले मांस धरून ठेवणारे चिवट धागे विरघळायला सत्तरीच्या पुढे बराच वेळ जावा लागतो. मी रान 90 ते 92 ला काढतो. झाकणाखाली 150-160 ठेवलं तर दीड किलोच्या रानेला तीन तास धरा. सत्तरीच्या आसपास आकडा अडून बसतो, पाऊण तास हलत नाही. यंत्र बिघडलेलं नसतं. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी वाफ होऊन उडतं आणि त्याने रान थंड राहते, आपल्याला घाम आल्यावर गार वाटतं तसं. घाबरून जाळ वाढवू नका. फॉइलमध्ये किंवा केळीच्या पानात गुंडाळा, आकडा पुन्हा चालू लागतो. शेवटी आकड्यापेक्षा सुईला विचारा: लोण्यात जावी तशी गेली पाहिजे.

कोंबडीचं उलट. छाती 74 ओलांडून पुढे गेली की कोरडी होते. मी छातीत 71-72 ला उतरवतो, झाकून दहा मिनिटं ठेवतो, आतल्या आत ती दोन-तीन अंश चढते, आणि 74 झाल्याचं दुसऱ्या थर्मामीटरने बघूनच कापतो. मांडीत मात्र 80 च्या पुढे हवं, तिथे कमी शिजलेलं रबरी लागतं. हाडाजवळ लालसर दिसलं म्हणून पाहुणे 'कच्चं आहे' म्हणतील. ब्रॉयलर कोवळा असतो, त्याच्या सच्छिद्र हाडातला मगजाचा रंग बाहेर झिरपतो, 80 अंशांनाही. त्यांच्यासमोर सुई टोचून आकडा दाखवायचा. वाद मिटतो, आणि पाहुण्यांना मजाही वाटते.

सुई कुठे टोचायची यावर निम्मी अचूकता आहे. सगळ्यात जाड भागाच्या मध्यावर, हाडाला न टेकता. कोंबडीची मांडी आणि धड यांच्यामधल्या खोबणीत सुई घुसली की हाड लागतं आणि आकडा चुकतो. युक्ती अशी की सुई थोडी जास्त आत घालून हळूहळू मागे ओढा, आणि सगळ्यात कमी आकडा जिथे दिसेल तिथे थांबा. तोच मध्य.

सुया दोन की चार? तुम्हाला दोन पुरे, पण त्यातली एक मांसात आणि एक जाळीवर, हवेचं तापमान बघायला. झाकणावरची घड्याळासारखी तबकडी जाळीच्या वर वीतभर असते, ती वेगळंच काहीतरी सांगते. ओटीजीचं तर विचारूच नका. 180 लावला की कॉइल चालू-बंद होत आत पंधरा-वीस अंश वरखाली होतं. एकदा सुई आत ठेवून अर्धा तास बघा, तुमच्या ओटीजीचा स्वभाव कळेल. चार सुयांचा संच घेतलात तर चार वायरींचा गुंता सोडवायला एक माणूस लागेल.

बजेट असं वाटा: पाच-सहा हजारांत दोन सुयांचा रेडिओ संच, त्याच दुकानातून दोन सुट्या सुया, आणि उरलेल्यातून हजार-दीड हजाराचा हातातला घडीचा थर्मामीटर, तीन-चार सेकंदांत आकडा देणारा. हा शेवटचा चैनीचा नाही. रिमोटचा बझर फक्त 'ये आणि बघ' एवढंच सांगतो. काढायचं की नाही ते हातातल्या थर्मामीटरने दोन-तीन जागी टोचून ठरवायचं. हातात फक्त हजार-दीड हजारच असते तर मी रिमोट सोडून हाच घेतला असता. अंश सेल्सियसवर लावून बटणावर चिकटपट्टी मारा. आमच्याकडे एकदा कुणाचं तरी बोट लागून फॅरनहाइट झालं आणि '165 झालं, जळालं' म्हणून आरडाओरडा. 165 फॅरनहाइट म्हणजे आपले 74.

ॲपच्या रंगीत आलेखांवर, 'अजून किती वेळ' सांगणाऱ्या अंदाजावर फार पैसे घालू नका. रान सत्तरीला अडली की ते अंदाज कोलमडतात. दुकानदार वायरलेस संच दाखवताना तुम्ही मांसाशिवाय, हवेतच रेंज बघाल. त्याऐवजी सुई पाण्याच्या बाटलीत घाला, बाटली स्टीलच्या डब्यात, डब्यावर झाकण (वायरचा संच असेल तर वायर फटीतून बाहेर), आणि मग चालत जा.

आता ते शेवटचं. हाच थर्मामीटर दह्याला आणि चिक्कीच्या पाकाला चालेल का? वायरची सुई चालेल. विरजण 40 ते 43 अंशांना लावा, थंडीत दही न लागण्याची तक्रार बंद होईल. चिक्कीचा पाक दीडशेच्या आसपास जातो, म्हणून बिनतारी सुई त्यात मुळीच घालू नका, टोक 100 ला खलास. पण दह्यासाठी एक सुटी सुई वेगळी ठेवा, तिच्या वायरला लाल दोरा बांधा. आमच्या घरी मी हे न सांगता रानेची सुई धुऊन विरजणात घातली होती. आईला कळलं तेव्हा दही गेलंच, पातेलंही गेलं, आणि मला तीन दिवस बाहेरच्या चुलीवर जेवण.